सीमाभागातल्या सरकारी मराठी शाळेत संगणक आणायचे तर : फाईल, अर्ज आणि पाठपुरावा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या एखाद्या सरकारी मराठी शाळेच्या शाळा सुधारणा कमिटीवर, म्हणजे एसडीएमसीवर, तुम्ही नव्याने आला असाल तर एक प्रश्न लवकरच समोर येणार : आपल्या पोरांना संगणक कधी? पालक हे विचारतात तेव्हा त्यांच्या मनात आणखी एक हिशेब चालू असतो. शहरातल्या इंग्रजी माध्यमाची गाडी सकाळी गावात येते, तिच्यात बसणाऱ्या पोरांना संगणक शिकवतात, मग आपलं पोर इथं कशासाठी ठेवायचं? पटसंख्या गळते ती अशी. म्हणून हे काम शोभेचं समजू नका. गावात मराठी शाळा टिकण्याशी त्याचा थेट संबंध आहे.

आमच्या गावच्या शाळेसाठी मी ही वाट चाललो आहे. कुठल्या टेबलावर कोणता कागद लागतो हे एका जागी लिहिलेलं मला कुठंच सापडलं नव्हतं, म्हणून इथं लिहितो आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. संगणकासाठी एकच योजना, एकच अर्ज असं काही नसतं. दारं पाच-सहा आहेत आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. शाळेची फाईल तयार नसली की त्यातलं एकही दार वेळेवर गाठता येत नाही. त्यामुळे आधी फाईल, मग अर्ज, हा क्रम धरा.

१. तुमची शाळा नेमकी कुठे बसते ते पाहा

सगळ्यात आधी वर्ग. शाळा पाचवीपर्यंतची आहे, सातवी-आठवीपर्यंतची आहे की हायस्कूल आहे, यावर पुढचं बरंच ठरतं. केंद्र आणि राज्याच्या पैशातून चालणाऱ्या समग्र शिक्षण अभियानातून मिळणारी संगणक प्रयोगशाळा सहावी ते बारावीचे वर्ग असलेल्या शाळांसाठी आहे. तुमची शाळा पाचवीपर्यंतचीच असेल तर त्या दाराशी वेळ घालवू नका, खाली दिलेल्या बाकीच्या वाटांनी जा.

दुसरं, शिक्षण खात्याचा जिल्हा. महसुली जिल्हा बेळगाव एकच असला तरी शिक्षण खात्याचे इथे दोन जिल्हे आहेत, बेळगाव आणि चिकोडी. खानापूरची शाळा बेळगावच्या उपसंचालकांकडे म्हणजे डीडीपीआयकडे येते, निपाणीची चिकोडीकडे. निपाणी भागातली माणसं बेळगावात चपला झिजवतात आणि शेवटी त्यांना चिकोडीला जा म्हणून सांगितलं जातं.

तिसरं, मतदारसंघ. इथे तर फारच गफलत होते. खानापूर तालुका बेळगाव जिल्ह्यात आहे, पण लोकसभेला तो उत्तर कन्नड मतदारसंघात मोडतो. म्हणजे खानापूरच्या शाळेने खासदार निधीसाठी बेळगावच्या खासदारांना पत्र देऊन काम पुढे सरकत नाही, पत्र उत्तर कन्नडच्या खासदारांना जायला हवं. काकती-कडोली भागातली गावं बेळगाव तालुक्यातली, पण त्यांची विधानसभा यमकनमर्डी आणि लोकसभा चिकोडी. अर्ज लिहायच्या आधी मतदार यादीवरून आपल्या गावाची विधानसभा आणि लोकसभा दोन्ही तपासा आणि फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

२. यूडायसची नोंद दुरुस्त करून घ्या

यूडायस म्हणजे देशभरच्या शाळांची सरकारी माहिती-नोंद. त्यातला शाळेचा यूडायस कोड अकरा अंकी असतो, कर्नाटकातल्या शाळांचा २९ ने सुरू होतो. दरवर्षी शाळा या कोडाखाली आपली सगळी माहिती भरते : खोल्या किती, मुलं किती, वीज आहे का, शौचालय आहे का आणि संगणक किती. ३० सप्टेंबर ही त्या माहितीची संदर्भ तारीख धरली जाते.

आता एक बारीक गोष्ट बघा. संगणकाच्या रकान्यात दोन आकडे असतात : एकूण किती आणि त्यातले चालू किती. पुष्कळ शाळांत जुन्या योजनेतले चार-पाच संच कपाटामागे धूळ खात पडलेले असतात. मॉनिटर फुगीर, सीपीयूत उंदरांनी घर केलेलं. पण माहिती भरताना मागच्या वर्षीचा आकडा तसाच पुढे ओढला जातो आणि बंद पडलेले संच 'चालू' म्हणून नोंदले जातात. वर बसून पाहणाऱ्याच्या दृष्टीने तुमच्या शाळेत संगणक आहेतच. मग तुमचं नाव यादीत येणार कसं?

मुख्याध्यापकांना आदराने विनंती करा आणि त्यांच्या शेजारी बसून भरलेल्या माहितीची प्रत काढून घ्या. हे रकाने तपासा :

- संगणक, लॅपटॉप, प्रोजेक्टर : एकूण आणि चालू
- इंटरनेट आहे की नाही
- वीज जोडणी आणि ती चालू आहे का
- वापरायोग्य खोल्यांची संख्या
- मुख्याध्यापकांचा मोबाईल नंबर

शेवटचा रकाना क्षुल्लक वाटतो, पण पुढे विद्यांजलीसारख्या, शाळांना देणगीदार मिळवून देणाऱ्या सरकारी पोर्टलवर शाळेची नोंद करताना ओटीपी याच नंबरवर जातो. बदली होऊन गेलेल्या मुख्याध्यापकांचा नंबर तिथे राहिला असेल तर सगळं अडतं. दुरुस्ती क्लस्टरचे (जवळपासच्या शाळांच्या गटाचे) समन्वयक म्हणजे सीआरपी आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांचं म्हणजे बीईओ ऑफिस यांच्यामार्फत करून घ्यायची असते. माहिती भरण्याचा हंगाम चालू असताना हे सोपं जातं, नंतर कठीण.

३. खोली आणि वीज : अर्जाच्या आधीच

तपासणीला कुणी आलं तर पहिला प्रश्न हाच असतो, ठेवणार कुठे? खोली निवडताना छत बघा. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसाची कल्पना त्या भागातल्या माणसाला वेगळी द्यायला नको. तिथे कौलारू खोलीत आषाढात झिरपा आला तर संच एका पावसाळ्यात जातात. स्लॅबची खोली असेल तर तीच द्या, मग तिथे बसणारा वर्ग कौलारू खोलीत हलवावा लागला तरी चालेल. खिडक्यांना लोखंडी जाळी आणि दाराला चांगली कडी-कुलूप हवंच.

विजेचं गणित सोपं आहे. मॉनिटरसकट एका डेस्कटॉपला साधारण १५० वॅट धरा. दहा संच म्हणजे दीड किलोवॅट, वर पंखे, दिवे, प्रोजेक्टर. शाळेचं मीटर बहुधा दोन बल्ब आणि एका पंख्याच्या काळात घेतलेलं असतं. वीज बिलावर मंजूर भार छापलेला असतो, तो वाचा. कमी असेल तर मुख्याध्यापकांच्या सहीने वीज कंपनीच्या, म्हणजे हेस्कॉमच्या, सेक्शन ऑफिसला भार वाढवण्याचा अर्ज द्या. सरकारी शाळांना वीज आणि पाणी मोफत देण्याची घोषणा मुख्यमंत्र्यांनी १ नोव्हेंबर २०२३ च्या राज्योत्सवात केली होती. त्यामुळे बिलाची धास्ती कमी झाली आहे, पण भार वाढवणं आणि खोलीतली वायरिंग ही कामं शाळेलाच करून घ्यावी लागतात.

वायरिंग गावच्याच वायरमनकडून करून घेतली तरी चालेल, पण अर्थिंग नीट आहे का ते स्वतः उभं राहून बघा. जमिनीत गाडलेल्या सळीपासून आलेली हिरवी तार बोर्डाच्या तिसऱ्या भोकापर्यंत खरोखर जोडलेली आहे का? बऱ्याच ठिकाणी तिसरं भोक रिकामंच असतं. दहा-अकरा वर्षांची पोरं ओल्या पायांनी खोलीत येणार आहेत हे डोक्यात ठेवून ही तपासणी करा. यात कुठलीही तडजोड नको.

खोली तयार झाली की चारही भिंती दिसतील असे फोटो काढा. ते पुढे लागतात.

४. कमिटीचा ठराव

ठरावाशिवाय कुठलंच दार उघडत नाही. बैठकीची नोटीस काढा, कोरम भरू द्या, हजेरीवर सह्या घ्या. ठराव साधारण असा असावा :

"शाळेत सहावी व सातवीचे वर्ग असून चालू स्थितीतील एकही संगणक नाही. मुलांना संगणक शिक्षण मिळावे म्हणून दहा संगणक, एक प्रोजेक्टर, एक यूपीएस व आवश्यक टेबल-खुर्च्या मिळाव्यात, अशी मागणी संबंधित खाते, लोकप्रतिनिधी व देणगीदार संस्था यांच्याकडे करण्यात यावी. यासाठी वर्गखोली क्रमांक … राखून ठेवण्यात येत आहे. मिळालेल्या साहित्याची नोंद शाळेच्या साठा नोंदवहीत करण्यात येईल. देखभाल व राखण यांची जबाबदारी कमिटी घेत आहे. पत्रव्यवहाराचे अधिकार अध्यक्ष व मुख्याध्यापक यांना देण्यात येत आहेत. सूचक … अनुमोदक … सर्वानुमते मंजूर."

यात दोन गोष्टी मुद्दाम आहेत. एक, कुठल्याही एका आमदाराचं किंवा कंपनीचं नाव नाही. त्यामुळे हाच ठराव सगळीकडे चालतो, दर वेळी नवी बैठक लावायला नको. दोन, देखभालीचं वाक्य. देणाऱ्याला भीती असते ती सामान दोन वर्षांत भंगार होण्याची. जबाबदारी घेतल्याचं लेखी दिसलं की त्याचा हात सैल होतो.

शाळेत सहावी-सातवी नसेल तर पहिलं वाक्य आपल्या वर्गांप्रमाणे बदला, आणि दहाऐवजी चार-पाच संच मागा. पट तीसचा आणि मागणी वीस संगणकांची असेल तर अर्ज वाचणाऱ्याचा विश्वासच उडतो.

५. फाईलीत काय काय हवं

एकच जाड फाईल करा आणि प्रत्येक कागदाच्या पाच-सहा झेरॉक्स प्रती, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याने साक्षांकित केलेल्या. मोबाईलवर स्कॅन करून सगळ्यांची एक पीडीएफही ठेवा.

- कमिटीच्या ठरावाची प्रत, मराठी आणि कन्नड दोन्ही
- यूडायसची छापील प्रत
- सॅट्समधून (राज्याच्या ऑनलाईन विद्यार्थी नोंदीतून) काढलेली वर्गवार पटसंख्या
- शाळेच्या जागेचा उतारा किंवा दानपत्र
- ताजं वीज बिल
- खोलीचे आणि शाळेच्या दर्शनी बाजूचे फोटो
- तीन दुकानांची कोटेशनं
- कमिटीच्या बँक पासबुकाचं पहिलं पान
- जुने संच असतील तर ते बंद असल्याचा मुख्याध्यापकांचा दाखला
- संगणक शिकवू शकणाऱ्या शिक्षकाचं नाव आणि त्याने घेतलेलं प्रशिक्षण

जागेच्या उताऱ्याकडे जरा थांबा. आपल्याकडच्या पुष्कळ शाळांची जागा जुन्या काळी गावातल्या कुणीतरी तोंडी दिलेली असते आणि उताऱ्यावर अजून त्या घराण्याचंच नाव असतं. फक्त संगणक मागायचे असतील तर हे एखाद्या वेळी खपून जातं, पण अर्जात खोलीची दुरुस्ती किंवा बांधकाम आलं की लगेच अडतं. मागणी करताना साहित्य आणि बांधकाम वेगळं ठेवा, म्हणजे एकामुळे दुसरं रखडणार नाही.

बँक खात्याचंही तसंच. समग्र शिक्षणाच्या अनुदानाचं खातं वेगळं असतं आणि त्यातला पैसा ठरलेल्या कारणांसाठीच निघतो. देणगीचा पैसा त्यात घेऊ नका. अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांच्या जोड सहीचं कमिटीचं खातं चालू आहे का, केवायसी झाली आहे का, हे आधीच बघा. अध्यक्ष बदलले की सही बदलायची राहून जाते आणि देणगीचा चेक आल्यावर धावपळ होते.

६. कुठल्या दारांशी जायचं

समग्र शिक्षण. २०१८ पासून चालू असलेल्या या अभियानात संगणक प्रयोगशाळेसाठी एका शाळेला एकदाच ६ लाख ४० हजार रुपयांपर्यंत आणि पुढे पाच वर्षं दरसाल २ लाख ४० हजारांपर्यंत असा निकष आहे. स्मार्ट क्लाससाठी वेगळे २ लाख ४० हजार. पण शाळा इथे थेट अर्ज करून पैसे घेत नाही. राज्य सरकार यूडायसच्या आधारे शाळांची यादी करून वार्षिक आराखडा केंद्राकडे पाठवतं. तुमचं काम एवढंच की बीईओ ऑफिसला लेखी मागणी देऊन ती डीडीपीआयपर्यंत पोचवायची आणि आराखडा तयार व्हायच्या आधी, म्हणजे दिवाळीनंतर लगेच, ती तिथे असेल असं बघायचं.

याच अभियानातून शाळेला दरवर्षी पटानुसार अनुदान मिळतं : तीसपर्यंत पटाला १० हजार, शंभरपर्यंत २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. यातून संगणक येत नाहीत, पण प्रोजेक्टरचा दिवा, माऊस-कीबोर्ड, इंटरनेटचं बिल अशा गोष्टी कमिटीच्या संमतीने भागवता येतात.

आमदार निधी. कर्नाटकात प्रत्येक आमदाराला वर्षाला दोन कोटींचा स्थानिक विकास निधी असतो. माणसं फक्त आपल्या विधानसभेच्या आमदारांकडे जातात. विधान परिषदेच्या आमदारांनाही तेवढाच निधी असतो, हे फार कमी जणांच्या लक्षात असतं. आपल्या जिल्ह्यासाठी वायव्य शिक्षक मतदारसंघ, वायव्य पदवीधर मतदारसंघ आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचा मतदारसंघ असे परिषदेचे आमदार आहेत. शिक्षक मतदारसंघाच्या आमदारांना शाळेची फाईल समजावून सांगावी लागत नाही, त्यांचा विषयच तो. डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये हिवाळी अधिवेशन भरतं तेव्हा परिषदेचे सगळे आमदार बेळगावातच असतात. बेंगळूरला जायची गरज नाही, त्या दिवसांत त्यांच्या स्वीय सहायकांकडून वेळ मागून घ्या.

इथला मोठा सापळा असा : आमदारांनी शिफारसपत्र दिलं की गावात पेढे वाटले जातात. ते पत्र म्हणजे पैसे नव्हेत. ते जिल्हाधिकारी कार्यालयात जातं, तिथून अंमलबजावणी करणाऱ्या यंत्रणेकडून अंदाजपत्रक मागवलं जातं, मग प्रशासकीय मंजुरी, मग खरेदी. प्रत्येक टप्प्यावर फाईल क्रमांक बदलू शकतो. शिफारसपत्राची प्रत स्वतःकडे ठेवा आणि मंजुरी आदेशाचा क्रमांक हातात येईपर्यंत विचारत राहा.

खासदार निधी. वर्षाला पाच कोटी. लोकसभेचे खासदार आपल्या मतदारसंघासाठी, राज्यसभेचे निवडून आलेले खासदार राज्यात कुठेही शिफारस करू शकतात. राष्ट्रपतींनी नेमलेले सदस्य तर देशात कुठेही. खानापूरकरांनी आपल्या खासदारांच्या कार्यालयात एक गोष्ट आवर्जून विचारावी, त्यांच्या निधीचा नोडल जिल्हा, म्हणजे निधीचं काम जिथून चालतं तो जिल्हा, कोणता? मतदारसंघ दोन जिल्ह्यांत पसरलेला असल्याने कागद एका जिल्ह्यातून दुसऱ्याकडे जातात आणि मधल्या प्रवासात रेंगाळतात.

ग्रामपंचायत. वित्त आयोगाच्या निधीतला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला असतो, पण मोकळा भाग आणि पंचायतीचं स्वतःचं उत्पन्न असतं. दहा संगणक पंचायतीकडून बहुधा होणार नाहीत. वायरिंग, खिडक्यांची जाळी, टेबलं मात्र नक्की होऊ शकतात. त्यासाठी ग्रामसभेत विषय मांडून तो कृती आराखड्यात घालायला लावा आणि पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे म्हणजे पीडीओंकडे लेखी द्या. ग्रामसभेत तोंडी बोलून घरी गेलात तर काही होत नाही. इतिवृत्तात आपला विषय लिहिला गेला का ते वाचून घ्या.

कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजोपयोगी कामांवर खर्च करावी लागते. शिक्षण त्या यादीत आहे. शिवाय आपला कारखाना जिथे आहे त्या परिसराला प्राधान्य द्यावं असं त्याच कलमात म्हटलं आहे. तुमच्या गावापासून जवळ असा कारखाना असेल, हिंडाल्कोचा असो, हत्तरगीच्या औद्योगिक क्षेत्रातला असो वा एखादा साखर कारखाना, तर अर्जात अंतर किलोमीटरमध्ये लिहा आणि गावातले किती जण तिथे कामाला आहेत तेही लिहा. उद्यमबागेतले लहान कारखानदार या कायद्यात बसत नसतील, पण मालक स्वतः सरकारी मराठी शाळेत शिकलेला असेल तर दोन संच खिशातून देणारी माणसंही आहेत. त्यांना कायदा सांगू नका, शाळेत बोलवा.

सीएसआरची आखणी आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला होते. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत अर्ज द्या. सामान शाळेच्याच नावाने येईल आणि हस्तांतर पत्र मिळेल याचीही खात्री करा, कारण अशी मालमत्ता कुणाच्या नावावर असावी याचे कंपन्यांना नियम आहेत.

विद्यांजली. केंद्र सरकारचं हे पोर्टल सप्टेंबर २०२१ पासून सध्याच्या रूपात चालू आहे. शाळा यूडायस कोडाने नोंद करते, काय हवं ते टाकते आणि देणारा त्यावर होकार कळवतो. नुसतं टाकून वाट बघत बसू नका. पुण्या-मुंबईत, कोल्हापुरात असलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना फोन करा आणि विद्यांजलीवरची मागणी दाखवा. देणगी सरकारी नोंदीत दिसणार म्हटल्यावर त्यांचाही भरवसा वाढतो.

माझं मत विचाराल तर पाचवीपर्यंतच्या लहान शाळेने माजी विद्यार्थी आणि पंचायत यांच्यापासून सुरुवात करावी, सातवीपर्यंतच्या शाळेने परिषदेच्या आमदारांपासून. समग्र शिक्षणाची मागणी देऊन ठेवावी, पण त्यावर विसंबून राहू नये.

७. अर्ज कन्नडमध्ये, सोबत मराठी, आणि पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका

राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत आपलं गाऱ्हाणं मांडता येतं. तो हक्क आपल्याजवळ आहेच. पण कारकुनाच्या टेबलावर रोज कन्नड टिपण लिहिलं जातं, आणि मराठी अर्ज भाषांतराच्या नावाखाली बाजूला पडून राहतो. पोरांचे संगणक त्यात अडकायला नकोत. म्हणून वर कन्नड अर्ज, खाली तोच मजकूर मराठीत. शाळेतल्या कन्नड विषयाच्या शिक्षकांना विनंती केली तर ते आनंदाने लिहून देतात. शाळेचं नाव मात्र दोन्हीकडे पूर्ण आणि सारखंच हवं, 'सरकारी उच्च प्राथमिक मराठी शाळा' असं. नाव अर्धवट पडलं तर त्याच गावातल्या दुसऱ्या माध्यमाच्या शाळेशी घोळ होतो.

अर्ज आवक विभागात द्या. साहेबांच्या हातात दिलेला अर्ज कुठल्या ढिगात जाईल सांगता येत नाही. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. साधारण महिन्याने त्या क्रमांकासह स्मरणपत्र द्या.

उत्तरच येत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे. कर्नाटकात फी १० रुपये, अर्जात विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. "आमच्या आवक क्रमांक अमुक अर्जावर आजपर्यंत काय कार्यवाही झाली त्याच्या टिपणांच्या प्रती द्याव्यात," एवढंच विचारा. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. तक्रारीचा सूर लावू नका. त्याच कार्यालयात पुन्हा पुन्हा जायचं असतं आणि तिथली बरीच माणसं मदत करायला तयार असतात.

८. कोटेशन घेताना

दुकानदाराकडून नुसता 'संगणक संच' असं लिहून घेऊ नका. प्रोसेसर, रॅम, एसएसडी, मॉनिटरचा आकार, जीएसटी, आणि वॉरंटी जागेवर येऊन की दुकानात नेऊन, हे सगळं तिन्ही कोटेशनांत सारखं हवं, नाहीतर तुलना होत नाही. वॉरंटी तीन वर्षांची आणि शाळेत येऊन दुरुस्तीची मागा. लोंढ्याच्या पलीकडच्या गावातून सीपीयू उचलून बेळगावला नेणं कुणा शिक्षकाला जमणार आहे?

स्मार्ट बोर्ड किंवा अभ्यासाचं सॉफ्टवेअर घेत असाल तर हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. बाजारात मराठी म्हणून विकलं जाणारं बहुतेक साहित्य महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमावर, बालभारतीच्या पुस्तकांवर बेतलेलं असतं. आपली मुलं शिकतात ती कर्नाटक सरकारची मराठी माध्यमाची पुस्तकं. धड्यांचा क्रम वेगळा, इतिहास वेगळा, परिसर अभ्यास तर पूर्णच वेगळा. एका विक्रेत्याने आमच्यासमोर सुंदर रंगीत धडा लावून दाखवला. आम्ही सहावीचं आपलं पुस्तक पुढे केलं आणि त्यातला तिसरा धडा काढा म्हटलं, तेव्हा त्याच्याकडे तो नव्हताच. तुम्हीही हीच परीक्षा घ्या. सहावीचं समाजविज्ञान आणि सातवीचं विज्ञान, दोन पुस्तकं पिशवीतून घेऊन जा आणि पान उघडून समोर ठेवा. धडा मिळाला नाही तर सॉफ्टवेअरचे पैसे वाचवा, त्यात आणखी एक संच येईल. दीक्षा या सरकारी शैक्षणिक पोर्टलवरचं साहित्य फुकट आहे, ते आधी वापरून बघा.

सामान लावायला येणाऱ्या माणसाला देवनागरी कीबोर्ड बसवून द्यायला सांगा. इथे संगणकावर कन्नड टायपिंगचं नुडी हे सॉफ्टवेअर सवयीने बसवलं जातं, ते असू द्या, मुलांना कन्नडही शिकायचं आहे. पण मराठी टायपिंग चालतं का ते पैसे देण्याआधी, एखाद्या मुलाला स्वतःचं नाव टाईप करायला लावून पाहा.

९. सामान उतरल्यावर

त्याच दिवशी प्रत्येक संचाचा सीरियल नंबर साठा नोंदवहीत चढवा. देणाऱ्याचं नाव, बिल क्रमांक, तारीख, वॉरंटी कधी संपते हे सगळं त्याच ओळीत. वॉरंटी कार्डांचा आणि बिलांचा गठ्ठा कपाटात, त्यांचे फोटो मुख्याध्यापक आणि अध्यक्ष दोघांच्या मोबाईलवर. बदली झाली तर चार्ज देताना हेच रजिस्टर बघितलं जातं.

खोलीची किल्ली दोघांकडे असावी. सगळ्यांच्या हाती नको, आणि फक्त मुख्याध्यापकांच्या खिशातही नको, कारण ते मीटिंगला गेले की त्या दिवशी खोली उघडत नाही. वेळापत्रकात प्रत्येक वर्गाचा तास लिहा आणि ते खोलीच्या दारावर चिकटवा. जूनमध्ये पाऊस लागला की यूपीएसची बॅटरी आणि प्लग आठवड्यातून एकदा तरी चालवून बघा. विजा कडाडू लागल्या की प्लग काढून ठेवायचं काम सातवीच्या मुलांनी नाही, मोठ्या माणसाने करायचं.

एका महिन्याच्या आत देणाऱ्याला मुलं संगणकावर बसलेला फोटो, साठा नोंदवहीच्या पानाची प्रत आणि कमिटीच्या सहीचं आभारपत्र पाठवा. सरकारी निधी असेल तर खर्चाचा दाखला ठरलेल्या मुदतीत द्या, तो थकला की पुढच्या वर्षीची मागणी तिथेच थांबते. आणि पुढच्या यूडायस भरणीत नवे संच 'चालू' रकान्यात आणि जुने बंद संच त्यातून बाहेर, हे मुख्याध्यापकांसोबत बसून करून घ्या.